मळभ, फिल्म आणि माणसाचा चेहरा

दर जूनमध्ये, पहिल्या दोन-तीन सरी पडून गेल्या की, फोनवर एक ठरावीक फोटो दिसायला लागतो. कृष्णधवल. वर शाई सांडल्यासारखं आभाळ, खाली चकाकणारा डांबरी रस्ता किंवा मरीन ड्राइव्हवर उसळलेली लाट, आणि मधोमध छत्री धरलेली एक काळी आकृती. ती बाई आहे की पुरुष, विशीतली आहे की साठीतली, हसतेय की वैतागलीये, काही म्हणजे काही कळत नाही. कधी हा फोटो फोनवर काढून ‘नॉयर’ फिल्टरमधून काढलेला असतो. कधी तो खऱ्या फिल्मवर काढून, घरच्या न्हाणीघरात डेव्हलप करून, स्कॅन केलेला असतो. दिसतो मात्र एकसारखाच.

माझी तक्रार या फोटोबद्दल आहे. तो वाईट दिसतो असं मला म्हणायचं नाही. तो हमखास चांगला दिसतो, आणि अडचण तिथेच आहे. पावसाळी हवेत कुठली फिल्म घालायची आणि ती कुठल्या डेव्हलपरमध्ये किती वेळ बुडवायची, हा प्रश्न आपल्याकडे पाककृतीसारखा विचारला जातो: अमुक फिल्म, तमुक रसायन, इतकी मिनिटं. मला तो समीक्षेचा प्रश्न वाटतो. कारण त्या मिनिटांमध्ये आपण ठरवत असतो की समोरच्या करड्या जगाचं काय करायचं. त्याला काळं-पांढरं करून नाट्यमय बनवायचं, की करडं राहू द्यायचं? आणि त्या निर्णयाची किंमत फोटोतला माणूस त्याच्या चेहऱ्याने मोजतो.

आधी उजेडाबद्दल. मळभाचा उजेड ‘सपाट’ असतो, असं कुठलाही फोटोग्राफर सांगेल. हे अर्धंच खरं आहे. उन्हात सूर्य हा आकाशातला एक छोटा दिवा असतो, म्हणून सावल्यांना धारदार कडा येतात. ढग दाटले की आख्खं आकाश दिवा होतं. उजेड सगळीकडून झिरपतो, सावल्या विरघळतात. ढोबळमानाने, भर उन्हात उजळ भिंत आणि वळचणीखालचा काळोख यांत सात-आठ स्टॉपचं अंतर असतं. एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट किंवा निम्मेपट. मळभात जमिनीवरच्या वस्तूंमधलं हेच अंतर चार-पाच स्टॉपवर येतं. याला सपाट म्हणणं ठीक आहे.

पण चौकटीत आकाश आलं की सगळा हिशेब बदलतो. दिवाच चौकटीत आला ना! ढगाळ आकाशाच्या तुलनेत, त्याच आकाशाखाली आडवा ठेवलेला मध्यम करडा कागद साधारण अडीच स्टॉप अंधारा असतो. माणूस उभा असतो, त्याच्या चेहऱ्याला आकाशाचा निम्माच भाग दिसतो, म्हणजे आणखी एक स्टॉप गेला. त्वचा सावळी असेल तर अजून थोडा. म्हणजे ज्या उजेडाला आपण सपाट म्हणतो, त्याच उजेडात आकाश आणि त्याच्यापुढे उभ्या असलेल्या आपल्यासारख्या माणसाचा चेहरा यांत साडेतीन-चार स्टॉपची दरी असते. कॅमेऱ्याचा मीटर अर्धी चौकट व्यापणारं ते पांढरं आभाळ बघतो आणि एक्स्पोजर कमी करा म्हणून सांगतो. चेहरा निगेटिव्हवर नोंदलाच जात नाही. मग डेव्हलपरमध्ये फिल्म जास्त वेळ ठेवून कॉन्ट्रास्ट वाढवला जातो. आकाश घट्ट होतं, चेहरा होता तिथेच राहतो. छत्रीखालची काळी आकृती तयार!

म्हणजे ती आकृती बहुतेक वेळा शैलीतून आलेली नसते. ती मीटरने दिलेली असते. आपण तिला नंतर शैली म्हणतो.

मळभाचा उजेड जाणूनबुजून निवडणारी माणसं छायाचित्रणाच्या इतिहासात बरीच आहेत. त्यांतली तीन उदाहरणं मला एकमेकांशेजारी ठेवून बघायला आवडतात, कारण तिघांचा करडा वेगळा आहे.

पहिलं उदाहरण बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याचं. १९५९पासून पुढे अनेक दशकं त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे, गॅसच्या टाक्या यांचे फोटो काढले. मोठ्या फॉरमॅटचा कॅमेरा, सरळ समोरून, आणि शक्यतो ढगाळ हवेत. ऊन त्यांना नकोच होतं. उन्हामुळे वस्तूवर सावली पडते, सावलीमुळे दिवसाची वेळ कळते, आणि वेळ कळली की फोटोत भावना शिरते. त्यांना ते टाळायचं होतं. त्यांच्या फोटोंत मागचं आकाश म्हणजे निव्वळ फिकट पाटी असते. त्या पाटीवर टाकीचा प्रत्येक खिळा, प्रत्येक जोड वाचता येतो. असे नऊ किंवा पंधरा फोटो एकत्र जाळीत मांडले की एका जातीच्या वस्तूंमधले बारीक फरक दिसायला लागतात. १९९०च्या व्हेनिस बिएनालेत त्यांना सुवर्णसिंह मिळाला, तो शिल्पकलेसाठी! त्यांचा करडा हा नोंदवहीचा करडा आहे. मी त्याचा आदर करतो, पण त्याच्याशी माझी फारशी मैत्री होत नाही. त्यांच्या फोटोंत माणसं जवळजवळ नसतातच, आणि त्यांची पद्धत माणसाला लावली तर पासपोर्टचा फोटो होईल अशी भीती वाटते.

दुसरा प्रागचा योसेफ सुडेक. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला हा माणूस जड कॅमेरे घेऊन गावभर फिरायचा. १९४०पासून १९५४पर्यंत त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. काचेवर साचलेली वाफ, ओघळणारे थेंब, पलीकडे वाकडंतिकडं झाड. १९४०च्या सुमारास त्याने एन्लार्जर जवळपास सोडूनच दिला आणि निगेटिव्हच्याच आकाराचे कॉन्टॅक्ट प्रिंट करायला लागला. ते प्रिंट गडद असतात, पण त्यांत कॉन्ट्रास्ट नसतो. शुद्ध पांढरं कुठेच नाही, शुद्ध काळंही क्वचित. पावसाळ्यात दुपारी दिवे न लावता घरात बसलं की हळूहळू कोपऱ्यातल्या वस्तू दिसायला लागतात, तसा हा करडा आहे. फोनच्या पडद्यावर सुडेक बघू नये. पडद्याची चमक त्याचा अंधार खाऊन टाकते, आणि स्क्रोल करणाऱ्या अंगठ्याला तो फोटो ‘डल’ वाटतो. त्याच्यासाठी डोळ्यांना जो वेळ द्यावा लागतो, तो वेळ हाच त्या फोटोचा विषय आहे.

तिसरा क्रिस किलिप. याच्याशी मी सगळ्यात जास्त वाद घालत आलोय, आणि सगळ्यात जास्त शिकतोय. आइल ऑफ मॅनचा हा माणूस इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर काम करत होता. जहाजबांधणी आणि खाणी बंद पडण्याचा तो काळ. लाइनमथच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर कोळसा वाहत यायचा आणि काही कुटुंबं घोडागाड्या पाण्यात घालून तो गोळा करायची. १९७६मध्ये किलिपने ती जागा पाहिली. लोकांनी त्याला हाकलून लावलं. तो पुन्हा पुन्हा गेला. १९८२मध्ये कुठे त्यांनी त्याला थारा दिला, आणि पुढे तो तिथेच कॅरव्हॅनमध्ये राहायलाही गेला. या कामातले फोटो १९८८च्या ‘इन फ्लॅग्रँटे’ या पुस्तकात आहेत.

आता बघा, या विषयात नाटकाला केवढा वाव आहे. काळा कोळसा, काळे घोडे, उत्तर समुद्राचं आभाळ, गरिबी. कॉन्ट्रास्ट थोडा चढवला असता की पोस्टर झालं असतं. किलिप ते करत नाही. हुला-हूप फिरवणाऱ्या हेलन नावाच्या मुलीचा १९८४चा फोटो शोधून पाहा. भोवती सगळं कळकट आहे, पण ते काळ्या डागात बुडालेलं नाही. तिच्याकडे दुर्लक्ष करून फक्त ‘वातावरण’ बघायची सोयच त्याने ठेवलेली नाही. मोठ्या निगेटिव्हमुळे तपशील आहेत, आणि मळभामुळे ते तपशील सावल्यांनी झाकलेले नाहीत. त्याचा करडा सौम्य आहे, पण गुळगुळीत नाही. या फोटोंतली माणसं परिस्थितीची प्रतीकं होता होता राहतात आणि हेलन, तिची जागा, तिचं हूप असं काहीतरी ठोस उरतं. सहा वर्षं नकार ऐकून मग मिळालेला चेहरा कुणी काळा करून टाकेल का?

यावर एक मोठा आक्षेप आपल्याकडूनच येतो. तो रघुबीर सिंह यांचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. १९९८च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकातल्या निबंधात त्यांनी मांडलं की भारतीय नजर रंगांतच पाहते. कृष्णधवल छायाचित्रणामागची अपराधभावना, तुटलेपण, उदासी ही पाश्चात्त्य आधुनिकतेची देणगी आहे, आपली नव्हे. आणि हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही. १९६७ साली बिहारमध्ये मुंगेरला पावसात एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या बायकांचा त्यांचा रंगीत फोटो आहे. ओल्या कपड्यांचे रंग, अंगाला चिकटलेलं कापड, पावसाने आलेली जवळीक. हा फोटो कृष्णधवल केला तर त्यातलं निम्मं बळ जाईल.

शिवाय त्यांच्या बाजूने मी आणखी एक मुद्दा जोडतो. आपला पावसाळा हिरवा असतो. कोकणातल्या भाताच्या खाचरांचा पोपटी, शेवाळाचा काळपट, सागाच्या कोवळ्या पानांचा आणखी तिसराच. कृष्णधवल फिल्मवर हे सगळे हिरवे एका मध्यम करड्यात गोळा होतात. इंग्लंडच्या किंवा प्रागच्या मळभात ही अडचण इतकी नाही, कारण तिथलं ढगाळ जग बऱ्याच अंशी आधीच करडं असतं. आपल्याकडे आभाळ राखाडी आणि जमीन उत्सवात. कृष्णधवल फिल्म त्या उत्सवाला मुकते, हे कबूल करूनच पुढे जायला हवं. जो फोटो हिरव्याबद्दल आहे, तो रंगीतच काढावा.

पण रघुबीर सिंह यांच्या मांडणीला एक उत्तर आहे, आणि ते छायाचित्रात नाही, सिनेमात आहे. ‘अपराजितो’ (१९५६) साठी बनारसच्या घराचा चौक हवा होता. तो उघड्यावर उभारायचा बेत होता. पावसाळ्याच्या भीतीने कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांना तो सेट कलकत्त्यात स्टुडिओच्या आत बांधावा लागला. आता वरून चौकात उतरणारा, सावल्या न पाडणारा आकाशाचा उजेड आणायचा कुठून? छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिव्यांचा झोत त्यावर टाकून परतवला. कापडाचं आभाळ झालं. त्या काळी स्टुडिओत थेट दिव्यांनी एकाच माणसाच्या चार-चार सावल्या पाडण्याची पद्धत होती. मित्रांनी पावसाला घाबरून आत नेलेल्या सेटवर मळभाचाच उजेड हाताने बनवला.

जुन्या वाड्यात राहिलेल्या कुणालाही तो उजेड ओळखू येईल. चौकात वरून पडतो, ओसरीपर्यंत येता येता मऊ होतो, माजघरात पोचेपर्यंत नुसती चाहूल उरते. त्या उजेडात सर्वजयेचा चेहरा बघा. दमलेली, काळजीत असलेली बाई आहे, पण तिच्या चेहऱ्यावर उदासीचा मुखवटा चढवलेला नाही. गालाचं हाड, डोळ्याखालची रेष, कपाळ, सगळं एकाच शांतपणे दिसतं. हा करडा पाश्चात्त्य एकटेपणाचा नाही. तो घरातला आहे. म्हणून रघुबीर सिंह यांचा आरोप मी सगळ्या कृष्णधवलावर घेत नाही. छत्रीवाल्या काळ्या आकृतीवर मात्र तो तंतोतंत बसतो: उसनी उदासी, उसना एकटेपणा, आणि तोही दादरच्या फूलबाजारासारख्या ठिकाणी, जिथे पावसात एकटं राहणं अशक्य आहे.

आता फिल्म आणि डेव्हलपर. इतकं सगळं बोलल्यावर निवड सोपी होते, कारण आपल्याला काय हवंय ते ठरलेलं आहे: चेहरा वाचता यायला हवा, आणि करड्यात थोडा जीव हवा.

माणसांसाठी मी एचपी५ प्लस घालतो. ४०० आयएसओची ही फिल्म मुळात सौम्य आहे, आणि मळभात नेहमीच्या वेळेला डेव्हलप केली तर चिखलासारखी दिसते, अशी तिच्याबद्दल तक्रार असते. तक्रार खरी आहे, पण दोष फिल्मचा नाही. मळभात निगेटिव्हला थोडा जास्त डेव्हलपमेंट लागतो, इतकाच त्याचा अर्थ. स्थिर विषय असेल, ट्रायपॉड असेल, तर १२५ची एफपी४ प्लस अधिक गोड. तिचा कॉन्ट्रास्ट वाढवला तर ती आनंदाने वाढवून घेते. पण दाट ढगांत १२५ला १/१२५ सेकंद आणि एफ ५.६ मिळाला तरी नशीब, आणि सर कोसळायला लागली की तोही जातो. ट्राय-एक्स थोडी अधिक ठसठशीत, पण फरक इतका नाही की त्यावरून भांडण व्हावं.

डेव्हलपर म्हणून आयडी-११ किंवा त्याचाच कोडॅकचा जुळा भाऊ डी-७६, एकास एक पाण्यात. एचपी५ प्लससाठी २० अंशांना १३ मिनिटं हा नेहमीचा वेळ. मळभात मी त्यात वीसेक टक्के वाढवतो, म्हणजे साधारण साडेपंधरा मिनिटं. आणि कळीची गोष्ट अशी की एक्स्पोजर कमी करत नाही. मीटर आकाशावरून खाली वळवतो, चेहऱ्यावर किंवा स्वतःच्या तळहातावर धरतो. याला ‘पुश’ म्हणू नका. पुशमध्ये आधी उजेड कापला जातो आणि मग डेव्हलपरकडून भरपाई मागितली जाते. इथे चेहऱ्याला पूर्ण उजेड देऊन वर कॉन्ट्रास्ट मागितलेला असतो. मळभात सावल्या भरलेल्याच असतात, त्यामुळे एखादा स्टॉप पुश केला तरी उन्हाइतकं नुकसान होत नाही, हे खरं. पण जे थोडं नुकसान होतं, ते नेमकं सावळ्या चेहऱ्यावर होतं.

पावसाळ्यात आपल्या नळाचं पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांचं. तिथे हे तेरा मिनिटांचं काम जवळपास आठ मिनिटांवर येतं. डेव्हलपर पातळ न करता वापरला तर वेळ पाच मिनिटांच्याही खाली जातो आणि निगेटिव्हवर पट्टे उमटायची भीती. म्हणून एकास एक, किंवा बादलीत बर्फाच्या पिशव्या.

सध्या लाडक्या असलेल्या दोन गोष्टींना माझा विरोध आहे. पहिली, रोडिनलमधला ‘स्टँड’ डेव्हलपमेंट: एकास शंभर पाणी, तासभर टाकी न हलवता ठेवायची. सोपं आहे, चुकायची भीती कमी, म्हणून नव्या मंडळींना आवडतं. पण ही पद्धत उजळ भागांना आवर घालण्यासाठी आहे. जिथे मुळात चेहऱ्याच्या आसपास उजळ भागच नाहीत, तिथे ती आवर कशाला घालणार? आकाश थोडं आटोक्यात येतं, आणि त्या बदल्यात मधला सगळा करडा आणखी चपटा होतो. रोडिनल वाईट नाही. १८९१पासून टिकलेलं रसायन आहे, आणि सावलीच्या कडा नसलेल्या उजेडात त्याचा ठळक दाणा आणि कडांची धार उपयोगीच पडते. पण मग एकास पंचवीस किंवा पन्नास, आणि नियमित हलवून.

दुसरी गोष्ट, ऑर्थो फिल्म. तिला लाल रंग दिसत नाही. त्यामुळे जांभ्या दगडाच्या भिंती, कौलं आणि तांबूस-सावळी त्वचा, तिन्ही काळवंडतात. युरोपात ती जुन्या काळाचा भास देते. इथे ती माणसांचे चेहरे पुसते. उलट साधा पिवळा किंवा नारिंगी फिल्टर मळभात आकाशाचं फार काही करत नाही, कारण ढगांत निळा असतोच कुठे, पण त्वचेला हलका उजाळा देतो. पिवळ्याला एक स्टॉप जातो, नारिंगीला जवळपास दोन. अंधाऱ्या दिवशी तेवढे देववत नाहीत, तर पिवळ्यावर थांबावं.

आणि आकाशाचं काय? चेहऱ्याला न्याय दिला की आकाश पांढरं होणार. होऊ द्या. बेखर दांपत्याने त्याची पाटी केली. प्रिंट करताना कडेने थोडं बर्न करता येतं, स्कॅनमध्ये थोडं खाली आणता येतं. किंवा कॅमेरा जरा खाली झुकवावा. पाऊस पडून गेल्यावर आकाश तसंही ओल्या डांबरावर, एसटीच्या टपावर, रेनकोटच्या खांद्यावर उतरलेलं असतं. मळभात जो कॉन्ट्रास्ट हवेत नसतो, तो पाऊस जमिनीवर आणून ठेवतो. त्यासाठी काळं आभाळ बनवायची गरज नसते.

फोनवरच काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त सोपं करून: पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, आकाश फाटलं तर फाटू द्या, कृष्णधवल करा, पण काळा खेचायच्या आधी थांबा. मग फोटोतला माणूस कोण आहे ते विचारा. उत्तर देता आलं, तर फोटो झाला.